गावभागातल्या एका घरच्या ठेवी: एकोणीस पावत्यांवरून एका पासबुकावर

हे प्रकरण सांगलीच्या गावभागातलं, माझ्या मावशीच्या घरचं. दोघांना विचारून लिहितोय, नावं देत नाही आणि आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेत. लिहायचं कारण एवढंच की असं घर सांगली-साताऱ्यात गल्लोगल्ली आहे. पैसे आहेत, कर्ज नाही, उधळेपणा तर अजिबात नाही, पण पैसे इतक्या ठिकाणी पसरलेत की घरातल्या एकाच माणसाला त्याचा पत्ता आहे, आणि तो माणूस आता सत्तरीकडे चाललाय.

काका ६७ वर्षांचे. मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात आयुष्यभर दिवाणजी होते, म्हणजे दुसऱ्याच्या पैशाचा हिशोब पैन् पै ठेवणारा माणूस. पेन्शन काही नाही. मावशी ६२ ची, उन्हाळ्यात शेवया-पापडाच्या ऑर्डरी घेते. मुलगा पुण्यात नोकरीला. घर स्वतःचं, वरची खोली भाड्याने दिलीय त्याचे महिन्याला साडेसात हजार येतात. दोघांचा खर्च औषधपाण्यासकट २७ हजाराच्या आसपास.

२०२५ च्या एप्रिलमध्ये काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि मुलगा म्हणाला की एकदा बाबांचे सगळे कागद बघूया, तू पण ये. पेटी उघडली. पत्र्याचीच पेटी, २०१९ च्या पुरात कृष्णामाई घरात शिरली तेव्हा ही खालच्या खोलीतच होती, त्यामुळे निम्म्या पावत्यांवर शाई पसरलेली, एका पावतीवरचा मुदतीचा दिनांक तर उजेडाकडे धरूनही वाचता येईना. काकांनी त्या पावत्या पुरानंतर पंख्याखाली वाळवून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून, प्रत्येकीवर रबर लावून ठेवलेल्या. एकूण एकोणीस पावत्या निघाल्या.

बेरीज केली ती अशी. चार पतसंस्थांत मिळून ११ लाख ४० हजार, व्याज सरासरी १० टक्के. एका सहकारी बँकेत ९ लाख, दुसरीत ३ लाख, साडेसात टक्क्याने. राष्ट्रीयीकृत बँकेत ५ लाखाची एफडी ६.८ टक्क्याने आणि त्याच बँकेत सेव्हिंगला ४ लाख १० हजार नुसतेच पडलेले. पोस्टातलं एनएससी, म्हणजे राष्ट्रीय बचत पत्र, मुदत २०२१ लाच संपलेली, १ लाख, कुणी काढायला गेलंच नव्हतं. आणि दीड लाख एका मल्टिस्टेटमध्ये, म्हणजे अनेक राज्यांत चालणाऱ्या सहकारी संस्थेत, १२ टक्के मिळतील म्हणून ठेवलेले, तिची शाखा दोन वर्षांपासून बंद. सगळं मिळून ३५ लाख, त्यातले हातात येण्यासारखे साडेतेहतीस. शिवाय रोज संध्याकाळी त्यातल्याच एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट, म्हणजे रोजची बचत गोळा करणारा, यायचा त्याचे दोनशे रुपये वेगळेच.

मुलाचं म्हणणं सरळ होतं, एवढ्या पैशातनं जास्तीत जास्त व्याज कसं निघेल ते बघू. त्याने मोबाईलवर एक यादीच केलेली, ही बँक एवढं देते ती तेवढं देते, थोडे म्युच्युअल फंडात, थोडे आणखी कशात. मला वाटलं प्रश्नच चुकतोय. मी मावशीला विचारलं, "उद्या काका चार दिवस दवाखान्यात आहेत, ५० हजार लागणारेत, तू कुठनं काढशील?"

मावशी पेटीकडं बघत म्हणाली, "ते सगळं यांचंच बघणं. मी आजपर्यंत बँकेत गेलेय ती फक्त सह्या करायला."

माझ्या मते या घराचा खरा प्रश्न हाच होता. पैसे कुठं ठेवायचे हे घरातल्या सगळ्यात हुशार माणसाला काय जमतं त्यावर ठरवायचं नाही, ज्याला त्यातलं काहीच बघायचं नसतं त्या माणसाला एकट्याने चालवता येईल का त्यावर ठरवायचं. एकोणीस पावत्या काकांना तोंडपाठ होत्या, कुठली कधी पिकते, कुठल्या शाखेत कोण कॅशियर आहे, सगळं. पण ते सगळं काकांच्या डोक्यात. अर्ध्या टक्क्यासाठी पैसे इकडून तिकडे हलवत राहणं हे एक कामच होतं आणि ते काम काकांच्या मागं करायला कुणी नव्हतं.

मग सुरक्षिततेचा मुद्दा आला आणि इथं आम्ही बराच वेळ बोललो, कारण काकांच्या डोक्यात एक पक्का गैरसमज होता आणि तो फक्त त्यांचा नाहीये. त्यांना वाटायचं बँक बुडाली तर मिळणारा ५ लाखाचा विमा प्रत्येक पावतीला असतो, म्हणून त्यांनी ९ लाखाच्या मुद्दाम सहा पावत्या केलेल्या, वेगवेगळ्या शाखांत. तसं नसतं. ठेव विमा महामंडळाचं संरक्षण एका माणसाला एका बँकेत मिळून ५ लाख, सगळ्या शाखा सगळ्या पावत्या सेव्हिंग धरून, आणि त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं. दोघांच्या जॉइंट नावावरच्या ठेवी वेगळ्या धरतात, पण काकांच्या सहाही पावत्या एकट्याच्या नावावर. म्हणजे ९ मधले ४ लाख उघड्यावरच होते.

पतसंस्थांचं तर त्याहून वेगळं. पतसंस्था ही बँक नाही, रिझर्व्ह बँकेचा तिच्याशी संबंध नाही, ती राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली येते आणि बघणारं खातं म्हणजे सहकार खातं. मल्टिस्टेट २००२ च्या केंद्राच्या कायद्याखाली, तिचा रजिस्ट्रार दिल्लीला. दोन्हीकडे तो ५ लाखाचा विमा लागूच नाही, एक रुपयाचाही नाही. काकांना हे ऐकून धक्का बसला, कारण संस्थेच्या पाटीवर कुठंतरी बँक असल्यासारखंच सगळं असतं, काउंटर तसाच, पासबुक तसंच, शिक्का तसाच.

काका म्हणाले, "अरे, बँका काय बुडत नाहीत का? सांगली बँक गेलीच की."

हा मुद्दा महत्त्वाचा होता, म्हणून त्यावर नीट बोललो. सांगली बँक १९१६ सालची, २००७ मध्ये ती आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न १९३६ ची, २००६ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध आणले आणि पुढच्याच महिन्यात ती आयडीबीआयमध्ये गेली. आपल्या भागातल्या लोकांना दोन्हीचं वाईट वाटलं, घरच्यासारख्या बँका होत्या, पण ठेवीदाराचे पैसे बुडाले नाहीत, पाटी बदलली आणि खातं चालू राहिलं. सहकारीचं उदाहरण वेगळं. कराड जनता बँकेवर नोव्हेंबर २०१७ ला निर्बंध आले आणि डिसेंबर २०२० ला परवाना रद्द झाला. विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली ती फेब्रुवारी २०२० ला, म्हणजे परवाना जाण्याच्या आधी जेमतेम दहा महिने. तेव्हा रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं की ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळतील. हीच गोष्ट वर्षभर आधी झाली असती तर कितीतरी घरांचा हिशोब वेगळा झाला असता. आणि ज्यांना मिळाले त्यांनाही मधली तीन वर्षं काढावी लागली, त्यात कुणाचं लग्न कुणाचं आजारपण आलंच असणार. २०२१ ला कायदा बदलला आणि आता निर्बंध आले की साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची तरतूद आहे, ही चांगली गोष्ट झाली. पण ५ लाखापर्यंतच.

काकांचा दुसरा मुद्दा व्याजाचा. "दहा टक्के सोडून आठ टक्क्याला जायचं म्हणजे वर्षाला वीस हजार गेले की." दिवाणजी माणूस, तोंडीच हिशोब. बरोबरच होता. मग त्यांच्याच वहीत पुढचा हिशोब मांडला. पतसंस्थांतले ५० हजार तिथंच ठेवून (ते का, ते पुढं येईल) बाकीचे १० लाख ९० हजार १० टक्क्यावरून ८.२ वर, म्हणजे पुढं सांगतोय त्या सरकारी योजनेत आणले तर वर्षाला साडेएकोणीस हजार कमी मिळणार. पण मल्टिस्टेटमध्ये अडकलेत दीड लाख. म्हणजे एकाच ठिकाणी अडकलेल्या पैशाने असा साडेसात वर्षांचा जादाचा फरक खाऊन टाकला. शिवाय सेव्हिंगला नुसते पडलेले, मुदत संपलेलं एनएससी, कमी व्याजाची एफडी हे सगळं हलवलं की तिकडून वर्षाला जवळजवळ सव्वीस हजार वाढत होते. म्हणजे एकूण बेरजेत नुकसान नव्हतंच. काका बराच वेळ वहीकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "हे मला दुकानात कुणी केलं असतं तर मी त्याला ओरडलो असतो."

आता ठेवायचे कुठं. पर्याय फार नव्हते आणि मुद्दाम फार ठेवलेच नाहीत.

म्युच्युअल फंड सोडले. मुलाने स्वतःच्या पगारातनं करावं, त्याचं वय आहे, त्याला पंधरा-वीस वर्षं थांबता येतंय. या घराला दर महिन्याला किराणा भरायचाय आणि खाली-वर होणारा आकडा बघून काकांची झोप जाणार हे नक्की. विमा कंपनीची पेन्शन योजनाही बघितली, पण त्यात मुद्दल हातातनं जातं आणि हे दोघांनाही पटेना. पोस्टाचं मासिक उत्पन्न चांगलं आहे, ७.४ टक्के, दर महिन्याला व्याज, जॉइंटला १५ लाखाची मर्यादा. मावशीला महिन्याचे महिने पैसे ही कल्पना आवडली होती. पण त्यापेक्षा ज्येष्ठ नागरिक बचत योजना सरळ वाटली, ८.२ टक्के, पाच वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी. २०२३ च्या एप्रिलपासून माणशी मर्यादा ३० लाख झालीय. खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं कायम राहतो, आणि २०२५ मध्ये रिझर्व्ह बँक रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, खाली आणत होती, एफडीचे दर घसरत होते, तेव्हा ही गोष्ट फार मोलाची होती.

आणि जे पुष्कळांना माहीत नसतं ते म्हणजे हे खातं पोस्टातच काढावं लागतं असं नाही, राष्ट्रीयीकृत बँकेतही निघतं. पैसे सरकारकडे जातात, बँक फक्त मधली, त्यामुळे इथं ५ लाखाच्या मर्यादेचा प्रश्नच येत नाही. मावशीचं-काकांचं सेव्हिंग जिथं आहे त्याच शाखेत खातं काढलं, व्याज आपोआप सेव्हिंगला जमा. घरापासून चालत जायच्या अंतरावर ती शाखा आहे. दर अर्धा टक्का कमी असता तरी मी याच शाखेचा आग्रह धरला असता.

शेवटी ठरलं ते असं. काकांच्या नावावर १८ लाख, मावशीच्या नावावर १० लाख, दोन्ही या योजनेत. काकांचं व्याज तिमाहीला ३६,९००, मावशीचं २०,५००, मिळून ५७,४००, म्हणजे महिन्याला एकोणीस हजार. खोलीचं भाडं धरलं की साडेसव्वीस. उरलेला किरकोळ खर्च शेवयांच्या ऑर्डरीतनं. सेव्हिंगला साडेतीन लाख, खातं दोघांच्या नावावर करून घेतलं, दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो अशा पद्धतीचं, आणि त्यावर ऑटो स्वीप घेतला म्हणजे ५० हजाराच्या वरचे पैसे आपोआप ठेवीत जातात आणि लागले की आपोआप परत येतात. सहकारी बँकेत लॉकर आहे म्हणून तिथं दीड लाख ठेवले, दुसरी सहकारी बँक पूर्ण बंद.

मावशीच्या नावावर वेगळं खातं कशाला, सगळंच काकांच्या नावावर बसत होतं की, असं मुलाने विचारलं. करासाठी त्याचा उपयोग नाही, कारण नवऱ्याने दिलेल्या पैशावरचं बायकोचं व्याज कायद्याने नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. इथं दोघांचं या योजनेचं व्याज आणि भाडं एकत्र धरूनही वर्षाला ३ लाख २० हजाराच्या आत बसतं आणि २०२५-२६ ला नव्या करपद्धतीत ४ लाखापर्यंत कर नाही. वेगळं खातं एवढ्यासाठी की काकांचं काही झालं आणि त्यांचं खातं कागदपत्रात अडकलं तरी मावशीचे वीस हजार पाचशे थांबत नाहीत. माझ्या मते या सगळ्या मांडणीत ही एक ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे.

अंमलबजावणीला जूनपासून डिसेंबर लागला. पतसंस्थांच्या पावत्या मुदतीआधी मोडल्या तर व्याज कापतात, म्हणून जवळ आलेल्या तेवढ्या पिकू दिल्या. काकांचं म्हणून दोनदा खातं काढावं लागलं, जूनला १० लाख आणि डिसेंबरला ८, कारण या योजनेत एका खात्यात एकदाच पैसे भरता येतात, पण मर्यादेच्या आत कितीही खाती काढता येतात. एनएससीला जास्त फेऱ्या झाल्या, मुदतीनंतर तीन वर्षांत न काढलेली खाती पोस्ट गोठवतं, मग ओळखपत्र, पासबुक, रद्द केलेला चेक सगळं परत द्यावं लागतं. बँकेत पहिल्याच दिवशी काउंटरवरचा माणूस ज्येष्ठ नागरिक योजनेचा फॉर्म शोधायच्या आधी एका विमा पॉलिसीचं पत्रक पुढं करत होता, पाच वर्षं भरा आणि मग बघा म्हणून. काका हो-नाही करत होते. मावशीने विचारलं, "ह्याचे पैसे मला तीन महिन्यांनी मिळणार का?" नाही म्हटल्यावर तिने ते पत्रक घडी करून परत दिलं. ती त्या काउंटरवर सहीशिवाय दुसरं काही करायला पहिल्यांदाच उभी होती.

पिग्मीवर मात्र वाद झाला. मुलगा म्हणाला ती पण बंद करा, त्यात काय मिळतं. पण तो एजंट पंधरा वर्षं रोज संध्याकाळी येतो, चहा घेतो, गल्लीतलं सगळं सांगतो, काकांचं नोकरी सुटल्यापासूनचं बोलणं-चालणं बरंचसं त्याच्याशीच. त्या पतसंस्थेचे चेअरमनही काकांच्या ओळखीतले. मी काकांच्या बाजूने होतो. तिथं ५० हजार राहू दिले आणि पिग्मी दोनशेची शंभर केली, वर्षाला ती रक्कम सेव्हिंगला आणायची असं ठरवून. सोपं करायचं म्हणून माणसाच्या आयुष्यातनं माणसंच काढून टाकायची नसतात, आणि ५० हजार ही या घराला झेपणारी जोखीम आहे.

आता सगळं एका पानावर मावतंय. ते पान काकांच्याच अक्षरात आहे, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलंय, एक प्रत पुण्याला. त्यावर शाखेचा फोन, खात्यांचे नंबर, नॉमिनी कोण, आणि खाली तीन कामं: तिमाहीच्या सुरुवातीला पासबुकात एंट्री मारून आणणे, एप्रिलमध्ये टीडीएस (बँक व्याजातनं आधीच कापते तो कर) कापू नये म्हणून बँकेत फॉर्म देणे, लॉकरचं भाडं. फॉर्म काकांचाच, कारण ज्येष्ठांना वर्षाला १ लाखावर व्याज गेलं की टीडीएस लागतो आणि मावशीचं ८२ हजारच होतं. पेटीतल्या जुन्या मोकळ्या पावत्या काकांनी फाडू दिल्या नाहीत, त्या माळ्यावर गेल्या.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये काकांना डेंग्यू झाला, पाच दिवस मिरजेला ॲडमिट होते. मावशीने स्वतःच्या एटीएम कार्डाने आधी वीस आणि दुसऱ्या दिवशी परत वीस हजार काढले, मुलाला फोन केला तो पैसे काढून झाल्यावर. परत आल्यावर तिने पासबुकात एंट्री मारून आणली आणि काकांना बेडवरच वाचून दाखवली. त्यात तिमाहीचं व्याज जमा झालेलं होतं, काकांनी आकडा ऐकून पहिल्यांदा विचारलं ते पैसे दिवसावारी धरलेत का ते बघ.

मल्टिस्टेटचे दीड लाख अजून अडकलेलेच आहेत. अर्ज दिलाय, पोचपावती घेतलीय, ठेवीदारांची एक समिती आहे तिच्या मीटिंगला काका जातात. घरच्या हिशोबात ती रक्कम आता धरतच नाही, आली तर मावशीच्या खात्यावर जायची असं ठरलंय. जूनमध्ये काढलेल्या दोन्ही खात्यांची मुदत २०३० ला संपेल, काकांच्या दुसऱ्याची त्याच वर्षी डिसेंबरला, तेव्हा तीन-तीन वर्षांनी वाढवता येतं पण त्यासाठी मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो. तेही त्या पानावर लिहिलंय, लाल पेनने, आणि पुढं मावशीचं नाव.